फळ्यावर सात गुण, वहीत मात्र हिरवा शालू

पत्राचा गोषवारा : जालना जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, अनुदानित शाळेत नववी-दहावीला मराठी शिकवणाऱ्या एका शिक्षिकेचं हे पत्र आहे. वर्गात साठेक मुलं. 'चांगल्या लेखनाचे गुण' शिकवायचे म्हणून त्यांनी स्पष्टता, नेमकेपणा, मुद्देसूदपणा, ओघ, शुद्धता, शब्दसंपत्ती आणि परिणामकारक शेवट असे सात गुण तक्त्यावर लिहून फळ्याशेजारी टांगले. घटक चाचणीत 'चांगल्या लेखनाचे कोणतेही चार गुण लिहा' या प्रश्नाला जवळजवळ सगळ्यांना पैकीच्या पैकी मार्क मिळाले. पुढच्याच आठवड्यात 'पावसाळ्यातील एक दिवस' लिहायला दिला, तर बहुतेक वह्यांत 'ग्रीष्माच्या दाहाने होरपळलेली धरणी' आणि 'हिरवा शालू नेसलेली वसुंधरा'. त्या वर्षी त्यांच्या भागात पावसाने दडी मारली होती आणि वर्गातल्या कितीतरी घरांवर दुबार पेरणीची वेळ आली होती. दिवाळीनंतर एका मुलीने 'सुट्टीतील एक दिवस' या विषयावर कापूस वेचणीबद्दल आपल्या बोलीत लिहिलं. बाईंना ते आवडलं. शाळेतल्या ज्येष्ठ सरांनी 'ही भाषा बोर्डात चालायची नाही' म्हणत आठपैकी तीन मार्क दिले. मुख्याध्यापक म्हणतात, गाइडमधले दहा निबंध पाठ करून घ्या. पालकांचंही तेच म्हणणं. बाई विचारतात : हे गुण मुलांच्या लेखनात उतरवायचे कसे? त्या मुलीच्या भाषेचं काय करू? आणि निकालाचं काय?

ताई, नमस्कार.

पत्रासोबत तुम्ही त्या मुलीच्या वहीतलं पान उतरवून पाठवलंत. हिरव्या शालूचा एकही निबंध पाठवला नाहीत. म्हणजे वाचण्याजोगं काय आणि नुसता उल्लेख कशाचा पुरे, हे तुमचं तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. तुमची पारख शाबूत आहे. ती साठ मुलांच्या हाती कशी द्यायची, एवढंच बोलायचं आहे.

आधी तक्त्याचं. सातही गुण बरोबर आहेत, माझी हरकत आहे ती क्रमाला. गुण आधी समजले की मागाहून ते लेखनात उतरतील, असं तुम्ही धरून चाललात. मुलांनी ते समजून घेतले, म्हणजे पाठ केले, चाचणीत लिहिले आणि मोकळी झाली. त्यांच्या लेखी 'नेमकेपणा' हा जलप्रदूषणाच्या कारणांसारखाच एक मुद्दा : तक्त्यावर असतो, पेपरात विचारतात, लिहिला की मार्क मिळतो. ढोबळ वाक्य आणि नेमकं वाक्य शेजारी शेजारी ठेवून 'यातलं कुठलं बरं वाटलं रे?' असं त्यांना कोणी कधी विचारलेलंच नसेल, तर त्या शब्दाला त्यांच्या मनात बूड येणार कुठून?

दुसरं एक गृहीतक तुमच्या पत्रात दडलेलं आहे. तुम्ही लिहिलंय, 'मुलं विचारच करत नाहीत, छापील वाक्यं उतरवतात.' मला वाटतं मुलं चांगलाच विचार करतात. निबंध कोण वाचणार, हे त्यांना माहीत असतं. साठ वह्यांचा गठ्ठा समोर असलेलं, पाऊस म्हणजे काय हे आधीच ठाऊक असलेलं, लाल पेन घेतलेलं एक मोठं माणूस. अशा माणसाला सांगण्यासारखं आपल्याजवळ काही नाही. त्याला जे अपेक्षित आहे ते द्यावं आणि सुटावं. वसुंधरेला शालू नेसवणं हा त्या परिस्थितीत अगदी व्यवहारी निर्णय आहे. हीच मुलं मधल्या सुट्टीत 'आमचं सोयाबीन उगवलंच नाही, बाबा दुसऱ्यांदा बी आणायला गेलेत' हे एकमेकांना सांगत असतात. तिथे ऐकणाऱ्याला ते माहीत नसतं आणि जाणून घ्यायचं असतं. वहीत तसा कोणीच नसतो.

आपल्याकडे आधुनिक गद्य लिहिलं जाऊ लागलं तेव्हाही ते कोणाला तरी उद्देशून होतं. लोकहितवादींनी १८४८ पासून 'प्रभाकर' साप्ताहिकात जे लिहिलं ती पत्रंच होती, आणि समोरच्या वाचकाला त्यातलं बरंचसं रुचणार नाही हे माहीत असूनही त्यांनी ती लिहिली. शाळेतल्या निबंधातून तो समोरचा माणूस कधी गायब झाला याचा शोध कोणीतरी घ्यायला हवा. इथे तेवढी जागा नाही.

आता त्या मुलीचं पान. वाचकांसाठी त्यातला थोडा भाग देतो :

'सुट्टीच्या दिवशी मी आई संग कापूस येचाया गेले. लई ऊन व्हतं. आम्ही खूप कापूस येचला. मला खूप मजा आली. दुपारी झाडाखाली भाकर खाल्ली. संध्याकाळी काटा झाला. मंग आम्ही घरी आलो. असा हा सुट्टीतील दिवस माझ्या कायम स्मरणात राहील.'

ताई, तुम्हाला हे आवडलं याचं कारण मला कळतं, पण तुम्ही यावर जरा जास्तच खूश झालात असं मला वाटतं. सरांनी तीन मार्क दिले ते भाषेसाठी. ते कारण चूक आहे. मात्र हे लेखन अजून झालेलं नाही, हे खरंच आहे. शेवटचं वाक्य बघा. 'येचाया' लिहिणारी मुलगी 'असा हा सुट्टीतील दिवस' कधी म्हणेल का? ते वाक्य गाइडमधून आलंय. 'मजा आली' हेही तिथूनच आलं असावं, कारण सुट्टीच्या निबंधात मजा यावी लागते. दिवसभर वाकून वेचताना कंबर धरते आणि बोंडांची वाळलेली टोकं नखांजवळ टोचत राहतात, हे जिच्या बोटांना माहीत आहे ती 'मजा' का लिहिते? भाकरी खाताना मैत्रिणी भेटल्या असतील, तर ती मजा असेल. मग ती सांगावी. आणि 'काटा झाला' या दोन शब्दांत अख्खा दिवस बसलाय, पण तो फक्त तुमच्या गावाला दिसतो. पुण्या-मुंबईच्या वाचकाला वाटेल, पोरीच्या पायात काटा मोडला.

मग तुम्ही पत्रात पुढे लिहिलंय, आणि तेही जाता जाता : 'मी मधल्या सुट्टीत तिला विचारलं, काटा म्हणजे वजनच ना गं? तर म्हणाली, हो मॅडम. आईचा चाळीस किलो भरला, माझा अकरा. मालकीण म्हणली, पोरीचा आईच्यातच धरा. मंग वहीत एक्कावन्न लिवलं, आईच्या नावानं.'

निबंध इथे आहे. तो कागदावर न येता मधल्या सुट्टीत, व्हरांड्यात आला, कारण तिथे तुम्ही तिला असं काही विचारलंत जे तुम्हाला माहीत नव्हतं आणि जाणून घ्यायचं होतं. लेखनाचे गुण मुलांच्या लेखनात उतरवण्याचा याहून खात्रीचा मार्ग मला माहीत नाही. पहिला खर्डा वाचायचा आणि समासात दोनच प्रश्न लिहायचे. चुका, शेरा, 'छान', 'सुधारणा हवी' यातलं काहीही नको. या पानावर मी लिहिले असते ते प्रश्न असे : 'काटा कोणी केला? मला तिथे उभं करून दाखव.' आणि 'मजा नेमकी कशाची?' दोनापेक्षा जास्त प्रश्न लिहिलेत तर मूल घाबरतं आणि पुन्हा गाइडकडे वळतं.

मग दुसरा खर्डा. शाळेत ही गोष्ट जवळजवळ होतच नाही. निबंध एकदा लिहायचा, तपासून घ्यायचा, पुढचा विषय. ज्या पोराने आयुष्यात एकही परिच्छेद दोनदा लिहिलेला नाही, त्याला ओघ आणि मुद्देसूदपणा ठरवून साधता यावा ही अपेक्षाच गैर आहे. वर्षाला बारा निबंध घेत असाल तर पाच घ्या, पण प्रत्येक दोनदा लिहून घ्या. पाच म्हटल्यावर तुमच्या मुख्याध्यापकांच्या कपाळावर आठी येईल. त्यांच्याबद्दल पुढे बोलू.

दुसरा खर्डा आला की दोन्ही फळ्यावर, शेजारी शेजारी. मुलांना विचारा, 'दुसऱ्यात तुम्हाला असं काय कळलं जे पहिल्यात कळलं नव्हतं?' कोणीतरी म्हणेलच, 'अकरा किलो.' तेव्हा खडू घ्या आणि त्या आकड्याशेजारी लिहा : नेमकेपणा. त्याआधी नाही. दुसरं कोणी म्हणेल, आधी वेचणं, मग भाकरी, मग काटा, म्हणजे दिवस सरत गेल्यासारखा वाटतो. लिहा : ओघ. असा एकेक गुण एकेका वाक्यापाशी जाऊन बसला की तो मुलांच्या ओळखीचा होतो. वर्षाअखेरीस तुमचा तक्ता मुलांच्याच वाक्यांनी भरलेला असेल, आणि कदाचित त्यात सातांऐवजी आठ गुण असतील. कारण त्या मुलीने तुम्हाला सांगताना 'मला फार वाईट वाटलं' असं म्हटलं नाही. वहीत एक्कावन्न लिहिले एवढंच सांगून ती थांबली, आणि वाईट आपल्याला वाटलं. याला संयम म्हणा, आवर म्हणा. तुमच्या तक्त्यावर तो नाही. नववीच्या मुलांना तो शिकवता येतो का, तर येतो. 'वाईट', 'आनंद', 'खूप', 'अविस्मरणीय' हे शब्द एका खर्ड्यापुरते बंद करून पाहा. मुलं आधी कुरकुरतील, मग खेळ म्हणून घेतील.

इथे एक जपायचं आहे. कोणाचं पान फळ्यावर घेण्याआधी त्या मुलाला एकट्यात विचारा, आणि 'नको' म्हणालं तर दुसऱ्यांदा विचारू नका. मजुरी, कर्ज, वडिलांचं पिणं अशा गोष्टी मुलं एकदा विश्वास बसला की लिहून टाकतात. त्याच बाकावर मालकाचा मुलगाही बसलेला असू शकतो. नाव न घेता वाचलं तरी तालुक्याच्या गावात कोणाचं पान ते सगळ्यांना कळतं. गरिबीचं वर्णन केलं की बाई खूश होतात, असा समज वर्गात पसरला तर तोही नवा शालूच होईल. म्हणून पहिलं पान किराणा दुकानाच्या पोराचं घ्या : सुट्टे पैसे नसले की त्याचे बाबा गिऱ्हाइकाला काय चिकटवतात, यावर त्याने लिहिलेलं.

'आमच्याकडे काही घडतच नाही' असं म्हणणारी मुलं वर्गात निम्मी असतील. त्यांना दोष देऊ नका. विषयच एवढे ऐसपैस दिलेले असतात की त्यात कोणीही हरवेल. 'माझी आई' म्हटलं की वात्सल्यसिंधू येणारच. त्याऐवजी 'सकाळी सहा ते साडेसहा आईचे हात काय काय करतात' एवढंच विचारा. 'पावसाळ्यातील एक दिवस' ऐवजी 'पाऊस लांबला तेव्हा घरात कोण कोणाला काय म्हणालं'. 'माझा आवडता सण' ऐवजी 'पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्या दारात'. विषय अरुंद केला की कल्पनाशक्ती आखडेल अशी भीती आपल्याला वाटते. प्रत्यक्षात मुलाला पाय रोवायला जागा मिळते. आत्मकथनाचंही तसंच. 'मी शाळा बोलतेय' लिहिताना सगळ्या शाळा ज्ञानदानाचं पवित्र कार्य करतात. 'गळका वर्ग बोलतोय' म्हणा, त्याच्याजवळ सांगायला जरूर काहीतरी असेल.

गाइड मात्र वर्गातून हाकलू नका, ते मुलांच्या दप्तरात राहणारच आहे. उलट त्यातला एक निबंध सगळ्यांसमोर उघडा आणि प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न लावा : हे वाक्य शेजारच्याच्या वहीत जसंच्या तसं चाललं असतं का? चाललं असतं तर पेन्सिलीने रेघ मारा. पानभर निबंधात बिनरेघेची किती वाक्यं उरतात ते मुलांनाच मोजू द्या. मग हाच प्रश्न आपापल्या वहीला. मोबाइलवर निबंध तयार करून आणणाऱ्यांनाही हीच परीक्षा लावा. त्यावर बंदीचा फतवा काढण्यात वेळ घालवण्यापेक्षा पहिला खर्डा वर्गातच, पंधरा मिनिटांत, हाताने लिहून घेतलात की तो प्रश्न बराचसा मिटतो.

आता बोलीचं. तुमच्या सरांचं म्हणणं मी एकदम उडवून लावणार नाही. परीक्षेत प्रमाणभाषा अपेक्षित असते आणि ती शिकवणं हे आपलं कामच आहे. ती न शिकवून त्या मुलीचं भलं होणार नाही. पण सरांनी दोन वेगळ्या गोष्टी एकाच लाल गोलात घातल्या. 'येचाया' ही चूक नव्हे, ते दुसऱ्या भाषारूपातलं बरोबर रूप आहे. 'दिवशि' लिहिलं असतं तर ती लेखनातली चूक. पहिलीला 'चूक' म्हटलं की मुलीला कळतं ते एवढंच, की घरी बोलतात तेच चुकीचं. आणि हीच मुलं बहिणाबाई चौधरींच्या कविता पाठ्यपुस्तकातून तोंडपाठ करत आली आहेत! पुस्तकात छापलेली बोली थोर आणि वहीतली बोली अशुद्ध, हे गणित मुलांना कळत नाही. मलाही कळलेलं नाही.

मग करायचं काय? पहिला खर्डा ज्या भाषेत येईल त्या भाषेत येऊ द्या. त्या वेळी 'येचाया'वर थांबलात तर अकरा किलोपर्यंत ती पोचणारच नाही. दुसऱ्या खर्ड्याच्या वेळी फळ्यावर दोन रकाने करा : येचणं–वेचणं, व्हतं–होतं, लई–खूप, संग–बरोबर, मंग–मग. निवेदन उजव्या रकान्यातल्या भाषेत आणि माणसांच्या तोंडची वाक्यं, अवतरणचिन्हांत, जशी बोलली तशी. मालकिणीने 'धरा' म्हटलं असेल तर 'समाविष्ट करावे' नको. तिसरा रकाना मोकळा ठेवा, ज्यांना उजवीकडे जोडीदारच नाही अशा शब्दांसाठी : काटा, पळाटी, कमरेला बांधलेली ओटी. ते शब्द तसेच राहतील; फक्त नवख्या वाचकाला अर्थ लागेल अशी सोय त्याच वाक्यात करायची. 'मालकिणीने तराजू आणला आणि एकेकीचा काटा सुरू झाला.' बस, कळलं. तक्त्यावरची 'स्पष्टता' ती हीच, आणि 'शब्दसंपत्ती'चं म्हणाल तर ती या तिसऱ्या रकान्यात आहे. 'वसुंधरा', 'अवनी', 'धरित्री' या पाठ केलेल्या माळेत ती शोधू नका.

शुद्धलेखनाचं थोडक्यात. सगळ्या चुका एकाच वेळी गोल करणं थांबवा. पानावर तीस लाल गोल पाहून कोणी एकही चूक सुधारत नाही, फक्त पुढच्या वेळी कमी लिहितं. पंधरा दिवसांना चुकांचं एकच कुळ धरा. मराठी साहित्य महामंडळाचे, १९६२ पासून शासनमान्य असलेले नियम पाहिलेत तर एकेका नियमाखाली अशी कुळंच सापडतात. उदाहरणार्थ जमीन–जमिनीत, विहीर–विहिरीवर, पीक–पिकाला, ऊन–उन्हात, बहीण–बहिणीला : शब्द एकटा असताना शेवटून दुसरं अक्षर दीर्घ, प्रत्यय लागला की ऱ्हस्व. शेतातले आणि घरातले इतके शब्द या एका नियमात बसतात की पंधरवड्यात मुलांच्या हाताला वळण लागतं. 'शरीर–शरीरात'सारखे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द या नियमाला जुमानत नाहीत, ते पुढच्या पंधरवड्याला. त्या काळात बाकीच्या चुका दिसल्या तरी पेन आवरा. फार जड जातं, कल्पना आहे.

साठ वह्या, दोन खर्डे, समासात प्रश्न, हे जमवायचं कसं, असं तुम्ही मनात म्हणत असालच. पानभर निबंध घेऊच नका. आठ-दहा ओळींचा एक परिच्छेद घ्या. एका आठवड्यात पंधरा वह्या तुम्ही वाचा, बाकीच्या मुलांनी जोडीने एकमेकांच्या वाचायच्या. त्यांना तपासायला सांगू नका, एकमेकांच्या ऱ्हस्व-दीर्घावर तुटून पडतील. काम एकच : जिथे कळलं नाही तिथे प्रश्नचिन्ह. महिन्याभरात प्रत्येक वही तुमच्या हाताखालून जाते. आणि लेखन मोठ्याने वाचायला लावा. वाचणारा जिथे अडखळतो तिथे वाक्य लांबलेलं असतं, हे त्याचं त्यालाच ऐकू येतं. त्यासाठी ओघाची व्याख्या लागत नाही.

मुख्याध्यापकांना तत्त्वज्ञान सांगू नका, दहावीची कृतिपत्रिका दाखवा. कुमारभारतीच्या, म्हणजे प्रथम भाषा मराठीच्या, ८० मार्कांपैकी उपयोजित लेखनाला २४ आहेत. त्यात प्रसंगलेखन, आत्मकथन किंवा वैचारिक लेखन यांपैकी एकाला ८. उरलेले १६ मार्क पत्र किंवा सारांश, जाहिरात, बातमी, कथा यांचे. दहा निबंध पाठ करून ही १६ मार्कांची बाजू सुधारत नाही, कारण तिथे दिलेल्या प्रसंगातून नेमकं काय उचलायचं आणि कोणाला सांगायचं हे जागेवर ठरवावं लागतं. प्रसंगलेखनातही दिलेला प्रसंग पाठ केलेल्या प्रसंगाशी जुळेलच असं नाही. मग हुशार मुलं पाठ केलेला निबंध ओढूनताणून बसवतात आणि मार्क घालवतात. दोन खर्ड्यांच्या सरावात या सगळ्याची तयारी होते. एवढ्यावर त्यांचं समाधान झालं नाही तर तडजोड म्हणून नववीचा वर्ग मागून घ्या आणि दहावीला हात लावू नका. सहामाहीपर्यंत काय दिसतं ते त्यांनाच पाहू द्या.

औपचारिक पत्राचं तर खरंच काहीतरी करा. तुमच्या पत्रात ओझरता उल्लेख आहे की मुलींसाठीची मानव विकासची (सरकारी योजनेतली) बस शाळा सुटायच्या आधीच निघून जाते. पुस्तकातल्या पुस्तकविक्रेत्याला पत्र लिहिण्यापेक्षा आगार व्यवस्थापकांना पत्र लिहायला द्या. पहिल्या खर्ड्यात 'आपणांस सविनय सादर करण्यात येते की' असं बरंच काही येईल आणि कोणती बस, किती वाजता सुटते, किती मुली मागे राहतात, वेळ किती बदलून हवी, हे येणार नाही. मग विचारा : हे पत्र वाचून त्या साहेबांनी उद्या नेमकं काय करायचं? दुसरा खर्डा आपोआप मुद्देसूद होईल. वर्गाने निवडलेलं एक पत्र शाळेच्या लेटरहेडवर, मुख्याध्यापकांच्या सहीने खरोखर पाठवा. उत्तर येवो न येवो, मुलांनी एकदा तरी खऱ्या माणसाला उद्देशून लिहिलेलं असेल. आलंच तर ते फळ्याशेजारी लावा.

एक शेवटची विनंती, आणि ती तुम्हालाच आहे. मुलांसमोर तुम्हीही लिहा. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात होते तेव्हा मुलांसाठी स्वतःच्या हाताने लिहून 'छात्रालय दैनिक' काढत. तेवढं आपल्याकडून व्हायचं नाही, पण महिन्यातून एकदा फळ्यावर पाच ओळी लिहिणं होईल. तयारी न करता, मुलांनी दिलेल्या विषयावर. एखादा शब्द खोडा, वाक्य अर्धवट सोडून पुन्हा सुरू करा, 'हे शेजारच्या वहीत चाललं असतं' असं स्वतःच म्हणून पुसा. मुलांनी मोठ्या माणसाला बोलताना, वाचताना, रागावताना पाहिलेलं असतं. लिहिताना अडलेलं सहसा पाहिलेलं नसतं. अडणं हा लिहिण्याचाच भाग आहे हे त्यांना तिथे दिसेल.

आणि ते तीन मार्क. सरांशी त्यावर वाद घालू नका, मार्क वाढवूनही मागू नका. मुलगी उगाच दोन शिक्षकांच्या कात्रीत सापडेल. तिचा दुसरा खर्डा तयार झाला, दोन रकान्यांतून गेला, की तिला विचारून तो सरांकडे न्या. म्हणा, 'सर, नव्याने लिहिलाय, वाचताना जिथे अडाल तिथे खूण करून द्या.' त्यांनी वेचणी तुमच्याहून जास्त पाहिली असण्याची शक्यता आहे. त्यांची एखादी खूण तुमच्याही नजरेतून सुटलेल्या जागी निघाली, तर ती मुलीला सांगा. तिसरा खर्डा लिहायचा की नाही, ते तिचं तिला ठरवू दे.